दोन थाऊची ढिलाई

जॅग्वार ई-टाइप ही गाडी बघणारे बहुतेक लोक तिच्या नाकावरच अडकतात. दोष त्यांचा नाही. नाक आहेच तेवढं लांब. नुसतं बॉनेट म्हणजे जवळजवळ निम्मी गाडी, आणि ते उघडतंही दिव्यांसकट, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला कलंडत. माल्कम सेयर नावाचा, आधी विमानांच्या कंपनीत काम केलेला एक अबोल माणूस गणितं मांडून बसला आणि त्यातून ही वळणं निघाली. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला गाडी लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यातून एक चक्कर मारायला मिळावी म्हणून इतकी झुंबड उडाली की कंपनीला कॉव्हेंट्रीहून दुसरी गाडी मागवावी लागली. नॉर्मन ड्यूइस या कंपनीच्या चालकाने ती रातोरात इंग्लंडहून जिनिव्हाला आणून पोचवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९९६ पासून एक निळी ई-टाइप आहे. संग्रहालयातल्या गाडीचं एक बरं असतं. तिचं मागचं चाक कधी गुणगुणत नाही.

मी मात्र या गाडीच्या मागच्या बाजूचा चाहता आहे. ती बाजू बॉब नाइट या इंजिनिअरची. सेयरचं नाव मोटारवेड्यांना पाठ असतं, नाइटचं नाव काढलं की चारचौघांत शांतता पसरते. कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांनी नाइटशी पाच पौंडांची पैज लावली होती, असं सांगतात. महिन्याभरात मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन करून दाखव, ही पैज. नाइटने ते सत्तावीस दिवसांत केलं, ही पुढची गोष्ट. पाच पौंडांत झालेलं हे काम कंपनीने थोडेफार फेरफार करत पुढे तीस-पस्तीस वर्षं वापरलं. इतकं स्वस्त संशोधन आमच्या चिंचवडलाही कुणाला जमलं नसतं.

माझा आणि या गाडीचा संबंध शेजारधर्माचा. मुलगी कॉव्हेंट्रीला असते, म्हणून आम्ही दोघं उन्हाळ्यात तिकडे जातो. नातवंडं शाळेत, मुलगी-जावई कामावर, आणि हिला तिथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी मिळालेल्या. राहता राहिलो मी. कुंपणापलीकडे एक निवृत्त भूगोल-शिक्षक राहतात. आम्ही घरात त्यांना ‘मास्तर’ म्हणतो. मास्तरांच्या गॅरेजात १९६६ सालची ४.२ लिटरची ई-टाइप आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर या गाड्या कुणी फुकट म्हटलं तरी घेईना, इतक्या पडून राहिल्या होत्या. तेव्हा त्यांनी ती शिक्षकाच्या पगारात घेतली. आज तिची किंमत त्यांच्या घराशी बरोबरी करते, आणि त्या विचाराने त्यांना रात्री झोप लागत नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

पहिल्याच ओळखीत ‘तुम्ही पुण्याचे, म्हणजे ही गाडी आता तुमचीच,’ असं म्हणून ते हसले. २००८ साली टाटांनी जॅग्वार घेतली, त्याचा हा टोमणा. मी म्हटलं, टाटांचा कारखाना पिंपरीला, माझी नोकरी चिंचवडला, मध्ये रेल्वेलाइन आहे. भूगोलाच्या माणसाला हे उत्तर पटलं.

तसं कॉव्हेंट्री हे नाव मला विमानात बसायच्या फार आधीपासून माहीत होतं. उमेदवारी केली त्या वर्कशॉपमध्ये हर्बर्टचा कॅप्स्टन लेथ होता आणि त्याच्या अंगावरच्या ओतीव अक्षरांत ‘कॉव्हेंट्री’ होतं. पुढे इन्स्पेक्शनला बदली झाली तर तिथले आट्यांचे गेज ‘मॅट्रिक्स’चे, तेही कॉव्हेंट्रीचेच. त्यामुळे हे शहर म्हणजे एक मोठी, स्वच्छ, सुती कापडाने पुसलेली टूलरूम असणार, अशी माझी तेव्हापासून समजूत. प्रत्यक्षात तिथे आता विद्यापीठं आणि गोदामं आहेत. ई-टाइप जिथे बनायची त्या ब्राउन्स लेनवरून शेवटची गाडी २००५ साली बाहेर पडली. टूलरूम शिल्लक आहे ती मास्तरांच्या गॅरेजात, आणि तिथेही पाने जागच्या जागी ठेवायची पद्धत नाही.

तर एके दिवशी मास्तर म्हणाले, गाडी मागून गुणगुणते.

गाडीचा आवाज ऐकणं ही नाडीपरीक्षा आहे आणि दोन वैद्य एकत्र आले की रोग दोन होतात. मास्तरांच्या मते डिफरन्शिअल, माझ्या मते बेअरिंग. आता डिफरन्शिअलचा आवाज अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बदलतो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. बेअरिंग मात्र पायाला भीत नाही आणि रस्त्यालाही नाही. त्याला कळतो फक्त वेग आणि भार. तेव्हा चाकावर भार वाढवून ऐकायचं. इंग्लंडात त्यासाठी फार छान सोय आहे. तिथे जागोजागी गोल चौक आहेत, आणि चौकात गाडी सारखी उजवीकडे वळत राहते, म्हणजे सगळं वजन डाव्या चाकांवर येतं. मास्तर चौकाला फेऱ्या घालत राहिले आणि मी मान मागे वळवून कान टेकून बसलो. मागचे लोक हॉर्न वाजवत नव्हते. तिथे तशी रीत नाही. ते नुसते बघत होते, आणि ते जास्त वाईट. गुणगुण वाढली. डावं मागचं.

घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, ‘चौकात गोल गोल फिरायला इंग्लंडला आलात? स्वारगेटला काय कमी होतं?’

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर चढवली, खाली घोड्या लावल्या, आणि चाक वर-खाली धरून हलवून बघितलं. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. एवढ्यावर ‘बेअरिंगला प्ले आलाय’ असं म्हणून मोकळं होणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत. पण नाइटसाहेबांच्या रचनेत तेवढ्याने भागत नाही. त्यांनी काटकसर केली होती. चाकाला धरून ठेवायला खाली एक जाडजूड हात दिला, आणि वरचा हात वेगळा न देता चाक फिरवणाऱ्या शाफ्टलाच ते काम सांगितलं. घरातल्या थोरल्या सुनेला सांगतात त्याप्रमाणे, तू येता-जाता हेही बघ. त्यामुळे चाक हललं तर दोष हबच्या बेअरिंगचा असेल, नाहीतर शाफ्टच्या क्रॉसचा, नाहीतर खालच्या बिजागरीचा. मास्तरांनी चाक हलवायचं आणि मी खाली पालथं पडून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अशी वाटणी झाली. वयाने ते मोठे असल्यामुळे मला पालथं पडण्याचा मान मिळाला. हब आणि त्याला धरून ठेवणारा कॅरियर यांच्यामध्ये बोटाला हालचाल लागली. बाकीचे दोघे निर्दोष सुटले.

तिथे पडल्या पडल्या मागची बाजू मनसोक्त बघता आली. ब्रेकच्या डिस्क चाकापाशी नाहीतच. त्या आत, डिफरन्शिअलला चिकटून बसवल्या आहेत, म्हणजे चाकाबरोबर खड्ड्यांत उड्या मारणारं वजन कमी होतं आणि गाडी मऊ चालते. मास्तरांना त्या ब्रेकचे पॅड कसे बदलायचे असं विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

ई-टाइपच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं असतात, एकमेकांकडे तोंड करून. हे निमुळते रोलर अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या हेन्री टिमकेन यांची कल्पना, पेटंट १८९८ चं. हे गृहस्थ घोडागाड्या बनवायचे. घोडागाडी सरळ चालते तेव्हा चाकावर फक्त वरून भार असतो. ती वळते तेव्हा चाक बाजूलाही रेटलं जातं, आणि साधं बेअरिंग त्या रेट्याने खलास होतं. टिमकेन यांनी रोलरला एका बाजूने निमुळता केला, तो ज्यावर फिरतो ती धावही तशीच तिरकी केली, आणि सगळ्या रोलरांच्या रेषा पुढे वाढवल्या तर अक्षावर एकाच बिंदूत मिळतील अशी योजना केली. मग रोलर घसटत नाही, शुद्ध गरगरतो. वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही एकदम सोसतो. ब्रिटिश टिमकेनचा मोठा कारखाना कॉव्हेंट्रीपासून फार लांब नव्हता, नॉर्थॅम्प्टनजवळ डस्टनला. तोही आता बंद आहे.

बेअरिंग ही वस्तू माणसं गृहीत धरतात, असं मी म्हटलं आणि मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. गुडघ्यावर फडका टाकून त्यांनी तास घेतला. १९४३ साली अमेरिकन विमानांनी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर दोन मोठे हल्ले केले, ते तिथल्या बेअरिंगच्या कारखान्यांसाठी. ऑगस्टमधल्या मोहिमेत साठ बॉम्बर गेले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा साठ. त्याच काळात ब्रिटन स्वीडनहून बेअरिंग आणत होतं, मॉस्किटो विमानं रात्रीची जर्मनव्याप्त नॉर्वे ओलांडून पाठवून. जिथे बॉम्ब ठेवायचे त्या पोटात कधीकधी माणूसही आडवा घालून आणत. नील्स बोर यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये तसंच आणलं, आणि वाटेत प्राणवायू न मिळाल्याने ते बेशुद्ध पडले. जगातला एक थोर शास्त्रज्ञ बेअरिंगच्या जागेवर बसून, खरं तर झोपून, इंग्लंडला आला. एरवी बेअरिंगला कोण विचारतं? आमच्या लहानपणी गॅरेजवाला गेलेली बेअरिंगं रस्त्यात फेकायचा आणि आम्ही ती उचलून फळीला ठोकून गाडी करायचो. डांबरी उतारावरून ती इतक्या कर्कश आवाजात जायची की वाड्यातली दुपारची झोप उठायची. तिथे आवाज हाच मुद्दा होता.

खोलायला सुरुवात केली. या गाडीला तारांची चाकं असतात आणि मध्ये एकच मोठा नट, त्याला दोन कान. कानांवर तांब्याच्या हातोड्याने ठोकायचं. डावीकडचा नट नेहमीसारखा सुटतो, उजवीकडचे आटे उलटे. चालत्या गाडीचा नट आपोआप सुटू नये म्हणून ही व्यवस्था, आणि नटावर तसं लिहिलेलंही असतं. तरी प्रत्येक वेळी ठोकण्याआधी मास्तर हवेत बोट फिरवून दिशा ठरवतात, डोळे मिटून.

चाक निघालं, स्प्लिट पिन निघाली, शाफ्टच्या टोकाचा मोठा नट निघाला. हब निघाला नाही. शाफ्टच्या दात्यांवर तो गेली कित्येक वर्षं बसून होता आणि त्याला उठायचं कारण दिसत नव्हतं. त्यासाठी खास पुलर लागतो. मास्तरांनी तो एका मित्राकडून आणला. साधा तीन पायांचा पुलर लावणाऱ्यांचे पुलर वाकतात, हब नाही. पुलर आवळला. तेल सोडलं. वरून ठोका दिला. पुन्हा आवळला. मास्तरांचं म्हणणं आणखी जोर लावू, माझं म्हणणं ताण देऊन तसाच सोडू, चहा घेऊ. गंजलेल्या लोखंडाशी वाद घालायचा नसतो, त्याला विचार करायला वेळ द्यायचा असतो. रात्री जेवताना पलीकडून ‘धाड्’ असा आवाज आला. मास्तरांच्या बायकोने पोलिसांना बोलवू का असं विचारलं म्हणे. हब सुटला होता.

आतलं ग्रीस तळाशी करपलेल्या गुळाच्या पाकासारखं झालं होतं. ते काढल्यावर रोलरची धाव दिसली आणि रोगाचं मूळ कळलं. धावेवर रोलरांच्या अंतराने काळसर आडव्या रेघा उठल्या होत्या. ही खूण पळणाऱ्या बेअरिंगची नव्हे, उभ्या राहिलेल्याची. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पत्र्याला खाऊ नये म्हणून असल्या गाड्या चार-पाच महिने गॅरेजात पांघरुणाखाली असतात. रोलर एकाच जागी टेकून, मध्ये थोडी दमट हवा, जुनं ग्रीस. गंज रोलरखाली रेघा ओढत बसतो. मग वसंतात गाडी बाहेर काढली की त्या रेघांवरून रोलर दौडतात आणि धावेचे टवके उडतात. मास्तरांची गाडी जपण्याने झिजली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण गाडीवरचं पांघरूण त्यांनी स्वतः शिवलं होतं.

चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ब्रिटनमध्ये आता वार्षिक तपासणीची सक्ती नाही. २०१८ पासून ती माफ आहे. मास्तरांना ही सवलत अपमानास्पद वाटते. ‘म्हणजे आता मरायला मोकळी,’ असं ते म्हणतात, आणि दरवर्षी स्वखुशीने तपासणीला घेऊन जातात. तिथला तपासणारा मुलगा गाडीच्या नाकाचे फोटो काढतो आणि पास करतो.

नवी बेअरिंगं बसवायची म्हणजे त्यांच्या बाहेरच्या कड्या कॅरियरमध्ये घालायच्या. कॅरियर अ‍ॅल्युमिनियमचा, कडी पोलादाची. ठोकून घातली तर कॅरियर ओरबाडतो. इथे निसर्ग मदतीला येतो. शंभर मिलिमीटरच्या तुकड्याला शंभर अंशांनी तापवलं तर अ‍ॅल्युमिनियम साधारण ०.२३ मिलिमीटर वाढतं आणि पोलाद त्याच्या निम्मं. म्हणून कॅरियर तापवायचा आणि कडी गार करायची. तापवायची सोय मास्तरांकडे होती, म्हणजे त्यांच्या बायकोचा ओव्हन, आणि बायको चर्चच्या गायनाच्या तालमीला गेलेली असण्याची वेळ. गार करायची सोय आमच्याकडे. मुलीच्या फ्रीझरमध्ये मटार, पराठे आणि हिने पुण्याहून आणलेला आंब्याचा रस यांच्यामध्ये मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कड्या ठेवल्या. हिने पिशवी उघडून बघितली. इन्स्पेक्शनच्या नोकरीत मी अनेक कडक माणसं पाहिली, पण अशी नजर पाहिली नव्हती. ‘रसाच्या शेजारी?’ एवढंच ती म्हणाली. कड्या खालच्या कप्प्यात गेल्या.

कॅरियर ओव्हनमधून हातमोज्यांत धरून धावत आणला, कुंपणावरून मी कडी दिली, ती भोकावर ठेवली आणि ‘टप्प’ करून तळाला जाऊन बसली. हातोडी नाही, शिवी नाही. हा आवाज मला सगळ्यात आवडतो. मास्तरांच्या ओव्हनला मात्र पुढच्या रविवारी यॉर्कशायर पुडिंग फुगेपर्यंत ग्रीसचा वास येत होता.

आता खरं काम. इथपर्यंत हमाली होती.

दोन निमुळती बेअरिंगं समोरासमोर बसवली की त्यांना किती जवळ आणायचं हा प्रश्न येतो. फार जवळ आणली तर रोलर चेमटतात, तापतात, निळे पडतात. फार दूर ठेवली तर चाक डुगडुगतं आणि सगळा भार दोन-तीन रोलरांवर येतो. ई-टाइपच्या पुस्तकात लिहिलंय, ढिलाई एक ते तीन थाऊ ठेवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. म्हणजे चाक एका केसाएवढं किंवा त्याहून कमी आत-बाहेर हललं पाहिजे, पण हललं पाहिजे. फिरताना आतली कडी बाहेरच्या कडीपेक्षा जास्त तापते आणि फुगते. तिला तेवढी जागा लागते.

आणि गंमत अशी की त्याच कॅरियरच्या खालच्या टोकाला, जिथे तो सस्पेन्शनच्या हाताला जोडला जातो, तिथेही निमुळतीच बेअरिंगं आहेत, आणि तिथे पुस्तक म्हणतं, ढिलाई अजिबात नको, उलट शून्य ते दोन थाऊचा ताण द्या. वरच्यांना गरगर फिरायचं असतं, खालच्यांना नुसतं डुलायचं असतं. डुलणाऱ्याला आवळून ठेवतात आणि फिरणाऱ्याला सैल सोडतात. मी पूर्वी कारखान्यात याच्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि नंतर साहेब लोकांच्या वागण्यालाही तो नियम लावून पाहिला. तो तिथे चालत नाही.

ढिलाई कशी ठेवायची? नट सैल ठेवून नाही. पुढच्या चाकाचा नट आवळून थोडा सोडायचा असतो, तो प्रकार मागे चालत नाही. मागे नट १४० फूट-पाउंडाने पूर्ण आवळायचा, आणि ढिलाई ठरवते ती हबचं टोक आणि आतलं बेअरिंग यांच्यामध्ये बसणारी एक कडीसारखी चकती. जाड चकती घातली तर ढिलं, पातळ घातली तर घट्ट. कंपनीने या चकत्या .१०९ इंचापासून .१५१ इंचापर्यंत, तीन-तीन थाऊंच्या फरकाने केल्या आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिली. ए-पासून आर-पर्यंत, पण मधली आय, एन आणि ओ वगळून. आय आणि ओ हे आकड्यांसारखे दिसतात म्हणून वगळले हे मला कळतं. एनचा काय गुन्हा होता, यावर मास्तरांचा आणि माझा एक संपूर्ण चहा झाला.

चकती निवडायची रीत अशी. आधी .१५० इंचाची एक मोजमापाची कडी घालायची, हब जोडायचा, डायल गेज लावायचा आणि किती ढिलाई येते ती वाचायची. हे वाचन म्हणजे माझी अख्खी नोकरी होती. बेअरिंगला ग्रीस नको, नाहीतर ग्रीसच मोजलं जातं. थेंबभर पातळ तेल पुरे. नुसतं वर-खाली ओढून उपयोग नाही. हब फिरवत फिरवत दाबायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग ओढायचं. काटा हलतो, परत येतो, पुन्हा त्याच जागी आला तर खरा. मास्तर बाकाला टेकले की काटा हलायचा. मी त्यांना लांब उभं केलं. ते म्हणाले, चार वेळा मोजून सरासरी काढू. भूगोलाचा माणूस. त्यांना डोंगराची उंची पन्नास मीटर इकडेतिकडे झाली तरी चालते. मी म्हटलं, सरासरी चुकलेल्या मापांची काढतात. बरोबर माप पुन्हा पुन्हा तेच येतं.

ते आलं सोळा थाऊ. आता हिशेब सरळ. आपल्याला हवेत दोन. सोळातून दोन गेले, चौदा. .१५० मधून .०१४ गेले, .१३६. म्हणजे चकती ‘के’.

मास्तरांनी टिनचा डबा उघडला. वर्षानुवर्षं जुन्या बाजारांतून जमवलेल्या चकत्या त्यात होत्या. डी होती, जी होती, पी दोन होत्या. जे होती. एल होती. के नव्हती.

जे लावली तर ढिलाईच्या जागी एक थाऊचा ताण येतो, बेअरिंग जळणार. एल लावली तर पाच थाऊ ढिलं. मास्तर एलकडे प्रेमाने बघत होते. ‘दोनच थाऊंनी जास्त,’ ते म्हणाले. मी काही बोललो नाही. इन्स्पेक्शनला असताना ‘दोनच’ हा शब्द दिवसातून इतक्या वेळा ऐकलाय की तो ऐकला की माझा हात आपोआप लाल खडूकडे जातो.

मग मी उपाय सांगितला. एल घासू. तीन थाऊच तर काढायचे आहेत. जाड काचेवर बारीक वाळूकागद, थोडं तेल, आणि बोटांनी सारखा दाब ठेवून आठाचा आकडा काढत राहायचं. मध्येमध्ये चकती फिरवायची, चार ठिकाणी मायक्रोमीटर लावायचा. मास्तरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी चर्चमध्ये गेलो नाही तरी ओळखलं. कंपनीने अक्षर कोरलेल्या वस्तूला घासायचं? त्यांनी त्याच संध्याकाळी के मागवली. पोस्टाने येणार होती.

ती येईपर्यंत मी एल घासली. गुपचूप नाही, त्यांच्या समोरच, कारण काच त्यांचीच होती. ते आधी पाठ करून उभे राहिले, मग बाजूला आले, मग म्हणाले, मी थोडा वेळ करतो. मोजमापं भारतात दशमान होऊन साठ वर्षं झाली, पण शॉप फ्लोअरवर माणसं अजून थाऊतच मोजतात, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या देशातली तरुण पोरं मायक्रॉन म्हणतात याचं त्यांना दुःख होतं. आम्ही आळीपाळीने आठ काढत राहिलो. .१३८. .१३७. शेवटचा थाऊ सगळ्यात हळू जातो.

के आली. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून मोजल्या. मायक्रोमीटरला फरक सापडला नाही. बसवली ती पोस्टाने आलेली, त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. गाडी त्यांची. घासलेली मास्तरांनी डब्यात टाकली, पण टाकण्याआधी सुईने तिच्यावरचं एल खोडून के कोरलं, आणि शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. ‘चिंचवड’.

जोडल्यावर पुन्हा गेज लावला. दोन थाऊ. काटा गेला आणि आला. मास्तरांनी तो पुष्कळ वेळ हलवून बघितला.

ग्रीसचं सांगितलं पाहिजे, कारण तिथे माणसं घाण करतात. हबच्या कॅरियरला वर एक भोक असतं, त्यावर एक छोटं झाकण. बहुतेक मालकांना ते माहीतच नसतं, म्हणून बेअरिंग जन्मापासून मरेपर्यंत एकाच ग्रीसवर काढतात. झाकणाभोवतीची माती आधी पुसायची, नाहीतर ती आत जाते. मग ग्रीस सोडायचं, आत जाईनासं होईपर्यंत, बस्स. दाबाच्या गनने ठासून भरलं तर ते सील ओलांडून बाहेर येतं. मास्तरांकडे अशी एक अवजड गन होती आणि तिला कधीच काम मिळालं नव्हतं. ती पुन्हा खुंटीला गेली.

फेरी मारायला निघालो तेव्हा दोघांच्याही बायका दारात उभ्या होत्या. त्या एकमेकींशी काय बोलत होत्या ते कळलं नाही, पण दोघी हसत होत्या. ताशी पन्नास मैलांवर गेलो, चौकात गेलो, चौकाला फेऱ्या घातल्या. गुणगुण नाही. मास्तर म्हणाले, ‘आता घड्याळ ऐकू येतंय.’ मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. परतल्यावर त्यांनी एका वहीत तारीख, मैल आणि ‘के’ हे अक्षर लिहिलं.

उजव्या बाजूवरून आमचं अजून जमलेलं नाही. माझं मत, वाजत नाही ते उघडू नये. मास्तरांचं मत, दोन्ही बाजूंनी सारखेच हिवाळे काढलेत, डावी गेली म्हणजे उजवीही आतून गेलेली असणार. हिचं मत, पुढच्या वर्षी रस नेणार नाही, लोणचं नेईन. अखेर पुढच्या उन्हाळ्यात उघडायचं ठरलं. मी चिंचवडला परत आलो, तेव्हापासून अधूनमधून रात्री उशिरा मास्तरांचा व्हॉट्सअ‍ॅप येतो. खाली प्रकृतीची चौकशी असते. वर एकच ओळ: उजवीकडचे आटे उलटे आहेत, लक्षात आहे ना?